चार बोटं मागे

त्या मंगळवारी सकाळी चाकणजवळच्या म्हाळुंग्याच्या एका गोदामातून मॅनेजर साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमची सिस्टिम एकदम भारी निघाली. चोर पकडला तिने."

आठ वर्षं मी आरएफआयडीचं, म्हणजे वस्तूंवरचे टॅग रेडिओ लहरींनी वाचणाऱ्या यंत्रणेचं, काम करते. 'रीडर बंद पडलाय', 'टॅग वाचत नाही', 'बिल पुढच्या महिन्यात' एवढ्यासाठीच मला फोन येतात. कौतुकाचा हा पहिलाच, आणि तो ऐकून पोटात गोळा आला. निगडीहून स्कूटर काढली आणि तळेगाव चौकातला ट्रॅफिक टाळायला तळवड्याकडून इंद्रायणी ओलांडून गेले. जुलैचा पाऊस. रेनकोट घालूनही सलवार गुडघ्यापर्यंत भिजली.

हे गोदाम गाड्यांच्या सुट्या भागांचं. व्हेंडरकडून पार्ट निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमधून येतात, रिकामे क्रेट त्याच व्हेंडरला परत जातात. पार्टचा हिशोब सगळे ठेवतात. रिकामा क्रेट मात्र कुणाचाच नसतो. चाकणच्या बाजारात कांद्याने भरलेले असे क्रेट मी पाहिलेत, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मावशीच्या गॅलरीतला कढीपत्ताही अशाच एका क्रेटमध्ये वाढलाय. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही इथल्या प्रत्येक क्रेटला टॅग लावला आणि डॉक नंबर तीनच्या, म्हणजे गाडी लावून माल चढवायच्या-उतरवायच्या तिसऱ्या दाराच्या, शटरच्या आतल्या बाजूला चार अँटेनांची चौकट उभी केली.

टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, चिप त्याच ऊर्जेवर जागी होते आणि ती लहर कमीजास्त परतवून आपला ९६ बिटांचा नंबर सांगते. काचेवरचा फास्टॅग याच घराण्यातला. न्हावाशेव्याला जाणाऱ्या कंटेनरांवर २०१६ पासून टॅग लागतात, तेही असेच. टॅग स्वतः काही बोलत नाही, फक्त परावर्तन करतो. हॅरी स्टॉकमन या अभियंत्याने १९४८ साली या कल्पनेवर निबंध लिहिला, त्याच्या नावातच 'परावर्तित शक्ती' हे शब्द आहेत. हे इथे सांगतेय कारण पुढचा सगळा घोळ परावर्तनाचाच आहे.

साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आधीच्या गुरुवारी रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी डॉक तीनमधून ३७ क्रेट 'बाहेर'. चलन नाही, गेट पास नाही. सीसीटीव्हीत त्याच वेळी एक बंद बॉडीची गाडी डॉक तीनला लागलेली दिसत होती आणि बारा मिनिटांनी ती निघाली. आतल्या कॅमेऱ्यासमोर पॅलेटची थप्पी, त्यामुळे दारात काय झालं ते दिसत नव्हतं. सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये मात्र गाडी डॉक एकला लागल्याची नोंद होती. रात्रपाळीला स्टोअरला होते अण्णा.

अण्णांना मी पहिल्या दिवसापासून ओळखते. टॅग चिकटवताना क्रेट आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा, ही सूचना मी एकदाच दिली होती आणि सगळ्या गोदामात ती पाळणारे ते एकटेच. त्यांच्याकडून चाव्या काढून घेतल्या होत्या, मेमो दिला होता आणि दिवसपाळीत कोपऱ्यातल्या टेबलावर नुसतं बसवून ठेवलं होतं.

"ताई, नगरची गाडी होती ती," ते म्हणाले. "ड्रायव्हर नवा. चुकून तीनला लावली. मी शटर उचललं, बघितलं, म्हटलं बाबा, तुझा माल एकला उतरायचाय. पण तोवर हमाल चहाला गेले होते, म्हणून दहा मिनिटं तशीच उभी राहिली. दार उघडलंच नाही. सील एकला तोडलं, सीलचा नंबर माझ्या हातचा लिहिलाय."

"हे साहेबांना सांगितलंत?"

"तीनदा. ते म्हणतात मशीन खोटं बोलत नाही."

मी रीडरजवळच्या पीसीवर बसले. साहेबांना दिसते ती एक ओळ: क्रेट, वेळ, बाहेर. तिच्याखाली कच्चा लॉग असतो, त्यात रीडरने ऐकलेली एकूण एक हाक असते, कुठल्या अँटेनाला आणि किती ताकदीने ते धरून. क्रेट खरोखर चौकटीतून जातो तेव्हा ही ताकद टेकडीसारखी चढते आणि उतरते. डीबीएम हे ती मोजायचं माप, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी हाक मोठी. उणे ६५ डीबीएमपासून उणे ४८ पर्यंत येते, मग पुन्हा खाली. हे ३७ क्रेट उणे ७० च्या आसपास सपाट होते. ना चढ, ना उतार. आणि सगळे मिळून चार सेकंदांत! चार सेकंदांत ३७ क्रेट बाहेर काढणारा हमाल मिळाला तर मी स्वतः त्याला नोकरीला ठेवीन.

मग त्या ३७ पैकी एका नंबरचे शेवटचे सहा आकडे टाकून पुढच्या दिवसांत शोधलं. शुक्रवारी सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी तो क्रेट डॉक तीनमधून गेला होता, छान टेकडी काढत. दुसरा टाकला, तोही. सदतीसच्या सदतीस. सिस्टिमच्या लेखी ते रात्रीच बाहेर गेले होते, म्हणून सकाळी तिने त्यांना 'आधीच बाहेर' म्हणून गाळलं. शुक्रवारचं चलन ६० क्रेटचं होतं, सिस्टिमने मोजले २३. सुपरवायझरने फरक हाताने भरला आणि पुढच्या गाडीकडे वळला. ६० वजा २३ ही वजाबाकी चार दिवस कुणी केली नव्हती.

साहेबांनी लॉग बघितला, हनुवटी खाजवली. "मग सकाळी परत आणून ठेवले असतील."

यावर काय बोलणार? म्हटलं, गाडी लावून दाखवते.

नियम मीच लिहिलेला होता. दोन अँटेना आत बघतात, दोन बाहेर. क्रेट आधी आतल्याला आणि मग बाहेरच्याला दिसला तर 'बाहेर गेला'. माझ्या मते त्या रात्री आत पाचेक मीटरवर शुक्रवारच्या गाडीसाठी लावून ठेवलेल्या थप्प्या आतल्या अँटेनाला अंधूक दिसल्या असणार, आणि बाहेरच्या अँटेनाची लहर गाडीच्या बंद पत्र्यावर आपटून उलटी आत गेली असणार. आरशात पाठीमागचा माणूस दिसावा तशी.

अण्णांनी आठवून थप्प्या रात्रीच्या जागी लावून घेतल्या. आधी मिळाला ताडपत्रीचा टेम्पो. त्याने काहीच झालं नाही. मग एका बंद बॉडीच्या गाडीचा ड्रायव्हर तयार झाला. "मॅडम, डिझेल तुमचं?" म्हणाला, पण आला. गाडी डॉकला टेकली. स्क्रीनवर दोन क्रेट आले. फक्त दोन. साहेबांनी घड्याळ बघितलं.

मला घाम फुटला. मग लक्षात आलं, लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर. पत्र्यावरून परतलेली लहर आणि समोरून येणारी एकमेकींत मिसळल्या की काही जागी जोर वाढतो, काही जागी नुसता शून्य, आणि एकातून दुसऱ्यात जायला आठ-नऊ सेंटिमीटर पुरतात. बाहेर जाऊन ओरडले, "दादा, चार बोटं मागे घ्या!" तो हसला, म्हणाला, "चार बोटांनी काय होतंय!" पण घेतली. पत्रा रबराच्या बंपरला दाबला गेला.

एकतीस क्रेट बाहेर. सगळे आमच्या डोळ्यांदेखत जागच्या जागी, त्यांच्याशेजारी अण्णा हात मागे बांधून उभे.

साहेब थप्पीकडे आणि स्क्रीनकडे आळीपाळीने बघत राहिले. नंतर म्हणाले, "ठीक आहे, रिव्हर्स एंट्री करून टाका." बस्स, एवढंच.

आता माझा भाग, जो मी फोनवर कुणाला सांगितला नव्हता. चौकटीत माणूस किंवा फोर्कलिफ्ट शिरेपर्यंत रीडर झोपलेला राहावा म्हणून तिथे एक फोटो सेन्सर होता. मे महिन्यात फोर्कलिफ्टने तो तोडला. इलेक्ट्रिशियनने फोन केला तेव्हा मी दुसऱ्या साइटवर शिडीवर होते. "जंपर मारा सध्या, पुढच्या व्हिजिटला बघू," असं मीच म्हटलं होतं. जंपर म्हणजे सेन्सरला वगळून थेट जोडलेली तार. पुढची व्हिजिट आलीच नाही. जंपर मारल्यापासून रीडर चोवीस तास डोळे उघडे ठेवून होता आणि रात्री २:४१ ला समोर आलेल्या आरशात त्याने काय बघायचं ते बघितलं.

संध्याकाळपर्यंत नवा सेन्सर बसवला, त्याला लोखंडी पिंजरा वेल्ड करून घेतला, पॉवर ३० डीबीएमवरून २६ वर आणली आणि टेकडी दिसल्याशिवाय 'बाहेर' म्हणायचं नाही अशी अट घातली. दिवसाउजेडी हे सगळं सोपं वाटतं. सर्व्हिस रिपोर्टमध्ये 'बिघाडाचं कारण' हा रकाना असतो. तिथे आम्ही बहुतेक वेळा 'पर्यावरणीय अडथळा' असं काहीतरी गुळमुळीत लिहितो. मी जंपरची तारीख लिहिली, कुणाच्या सांगण्यावरून मारला ते लिहिलं, आणि ३७ क्रेट शुक्रवारी चलनावरच गेले हेही.

निघताना अण्णा गेटपाशी आले. "ताई, एंट्री रिव्हर्स झाली म्हणता. माझा मेमो कसा रिव्हर्स करायचा?"

ते माझ्या हातात नव्हतं. रिपोर्टची झेरॉक्स त्यांना दिली. त्यांनी चष्मा चढवून ती वरपासून खालपर्यंत वाचली, जंपरच्या ओळीवर थांबले, माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. मग कागद उलटा करून बघितला.

"यावर शिक्का नाही."

शिक्का स्कूटरच्या डिकीत होता. रेनकोट न घालताच आणायला गेले.