स्वतःचा प्रिंटएफ, नोंद ७: उणे दोनचा चकवा

सी भाषेतलं मजकूर छापणारं फंक्शन प्रिंटएफ मी स्वतः लिहून बघतोय. या आठवड्यात त्यात नवीन काही जोडलं नाही. विड्थ (किमान किती रकान्यांत छापायचं) आणि प्रिसिजन (किती अंक दाखवायचे) वाचणारा कोड फोडता येतो का, एवढंच बघत बसलो. येतो, आणि फार कष्ट पडत नाहीत.

आधी विड्थ. आतापर्यंतच्या आकड्याला दहाने गुणायचं आणि पुढचा अंक मिळवायचा, हे आपण सगळेच लिहितो. त्याखाली मी मोठ्या शहाणपणाने ‘उत्तर ऋण आलं तर चूक’ अशी तपासणी टाकली होती. डीबग बिल्डमध्ये ती चालायची, ऑप्टिमायझेशन लावलं की बेपत्ता. सी भाषेत साइन्ड इंटचा (धन-ऋण पूर्णांकाचा) ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर जाणं, अनडिफाइन्ड आहे: तेव्हा काय होईल याची भाषा हमीच देत नाही. शून्यापासून सुरू करून धन आकडेच मिळवत गेलो तर उत्तर ऋण येऊच शकत नाही, असं कंपायलर धरून चालतो आणि तपासणी उडवतो. त्याचं काही चुकत नाही.

पण ती तपासणी शाबूत राहिली असती तरी कुचकामीच होती. विड्थ म्हणून ४२९४९६७३०६ देऊन बघा. ३२ बिटांत गुंडाळून त्याचे होतात बरोबर १०. कुठेही ऋण आकडा नाही, क्रॅश नाही, दहा रकान्यांत सुबक छापलेला आकडा समोर. २१४७४८३६४८ वर (कमाल इंटहून एकच जास्त, गुंडाळला की ऋण) टेस्ट लिहून हात झटकणाऱ्यांनी (त्यात मीही होतो) हा आकडा टेस्टमध्ये घालाच. आता गुणाकाराआधीच बघतो: कमाल इंटमधून अंक वजा करून दहाने भागलं, त्यापेक्षा आकडा मोठा असेल तर तिथेच परत. सी२३ या नव्या प्रमाणात ओव्हरफ्लो तपासत हिशोब करणारे तयार सीकेडी मॅक्रो आहेत, पण मला जुने कंपायलरही सांभाळायचे आहेत.

खरा चकवा लागला तो रिटर्न व्हॅल्यूत, म्हणजे एकूण किती अक्षरं झाली हे सांगणाऱ्या उत्तरात; चूक झाली तर ते ऋण हवं. प्रत्येक विड्थ वैध असली तरी बेरीज वैध असेलच असं नाही. माझी टेस्ट अशी होती: २१४७४८३६४७ (कमाल इंट) विड्थचे दोन टक्का-डी (पूर्णांक छापायची खूण) एकामागे एक, आणि उत्तर ऋण आलं की पास. कित्येक महिने पास होत होती. परवा कॉपी-पेस्ट करताना चुकून तिसरा टक्का-डी पडला आणि उत्तर आलं २१४७४८३६४५. म्हणजे ओव्हरफ्लो पकडणारा कोड मी कधी लिहिलाच नव्हता! दोनदा बेरीज केली की मोजणी गुंडाळून -२ वर येते आणि ती चूक परत केल्यासारखी दिसते. पॉझिक्स या प्रमाणानुसार ऋण उत्तराबरोबर एर्नोमध्ये (चुकीचं कारण ठेवायच्या व्हेरिएबलमध्ये) ईओव्हरफ्लो हा कोडही हवा. ते तपासलं असतं तर पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडलं असतं.

या टेस्ट फार रेंगाळायच्या. बफरचा आकार शून्य दिला तरी माझा पॅडिंगचा लूप एकेक स्पेस मोजत २१४ कोटी फेऱ्या मारायचा. आता जागा संपली की उरलेलं एकदम मोजणीत मिळवतो. शिवाय कमाल मर्यादा मॅक्रोत काढली. टेस्ट बिल्डमध्ये ती १०० असते आणि सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. त्याआधी मोजणीचा टाइपच साइन्ड कॅर (-१२८ ते १२७) करून पाहिला होता, तर यूबीसॅन, म्हणजे चालू प्रोग्रॅममधलं अनडिफाइन्ड वर्तन पकडणारं साधन, चिडीचूप. कारण बेरीज इंटमध्ये होते, १२७ अधिक १ तिथे बिनधोक १२८ होतात आणि परत साठवताना कापले जातात. ते क्लँग कंपायलरच्या इम्प्लिसिट-कन्व्हर्जन तपासणीत दिसतं, नेहमीच्या अनडिफाइन्डमध्ये नाही. अर्धी संध्याकाळ गेली त्यात.

आता उणे २१४७४८३६४८. विड्थ ताऱ्याने (* लिहून, आकडा वेगळा पाठवून) दिली आणि ऋण निघाली तर डावीकडे सरकवून तिची धन किंमत घ्यायची असा नियम आहे. पण या एका आकड्याची धन किंमत इंटमध्ये मावत नाही. यूबीसॅनने ओळ क्रमांकासकट दाखवलं. हाच आकडा छापायला दिला की ‘-(’ असं बाहेर पडायचं, ते मला फार आवडलं. उलटवूनही तो ऋणच राहतो, दहाने भागल्यावर बाकी उरते -८, आणि शून्याच्या आस्की कोडमधून, म्हणजे ४८ मधून, आठ गेले की ४०: उघडा कंस. भागाकारही ऋण, म्हणून लूप तिथेच थांबतो. आता आधी अनसाइन्ड (बिनचिन्हाचा) करतो, मग उलटवतो.

लिबफझर, म्हणजे आपणहून वेडेवाकडे इनपुट बनवून कोड फोडू पाहणारं साधन, लावून ठेवलाय. तो आपणहून नेमके दहा अंकी आकडे क्वचितच जुळवतो, म्हणून सीमेवरचे आकडे त्याच्या डिक्शनरीत (वापरायच्या तुकड्यांच्या यादीत) घालून दिले. बाकी आहे ते आधी लांबी मोजून मग मेमरी मागणारं फंक्शन. चुकीचं -१ आलं तरी ते निमूटपणे एक मिळवतं आणि मेमरी देणाऱ्या मॅलॉककडे शून्य बाइट मागतं. आज रात्री तेच धरतो.