झुमऱ्याच्या चौदा मात्रा आणि अमीर खाँसाहेब

इंदूरमध्ये लोकमान्य नगरात माझा तबल्याचा छोटा क्लास आहे. वर्षानुवर्षं शास्त्रीय संगीतातल्या ख्यालगायनाच्या साथीला बसतोय. त्यामुळे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांबद्दल लिहायचं तर मी ते तबल्यामागे बसूनच लिहिणार.

‘खाँसाहेबांचं गाणं फार संथ, झोप येते,’ असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. त्यात गाणं शिकलेले लोकही आहेत. मला ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं. अशा माणसाला मी एवढंच म्हणतो की गाणं राहू दे, आधी ठेक्याकडे, म्हणजे तबल्यावर फिरत राहणाऱ्या तालाच्या ठरलेल्या बोलांकडे, कान दे.

खाँसाहेबांचा आवडता ताल झुमरा. चौदा मात्रा, विभाग तीन-चार-तीन-चार. त्यांच्या अतिविलंबित लयीत एक आवर्तन, म्हणजे चौदा मात्रांचा एक फेरा, जवळजवळ मिनिटभर चालतं. दोन मात्रांच्या मध्ये एवढी मोकळी जागा असते की वाजवणाऱ्याचे हात शिवशिवतात. इथे थोडं भरावं, एखादा तुकडा टाकावा, टाळी घ्यावी. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत मात्र तबलजी साधा, स्वच्छ ठेका धरून बसलेला ऐकू येतो. बाहेरून हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ती लय जराही न ढळू देता, काहीही न सजवता वाजवणं हे तबलजीच्या संयमाची परीक्षा घेणारं काम आहे. आणि त्या मोकळ्या जागेत तो खर्जातला, म्हणजे खालच्या स्वरांतला, खुल्या ‘आ’काराचा आवाज सावकाश उतरतो. समेची, म्हणजे फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर पोचायची, त्याला घाई नसते. बारावी मात्रा गेली, तेरावी आली, ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. मग खाँसाहेब मुखडा, म्हणजे बंदिशीची समेवर नेणारी ओळ, अलगद उचलतात आणि सम येते. झडप नाही, आवेश नाही. लहानपणी त्यांनी मामांकडून तबल्याचे प्राथमिक धडे घेतले होते, हे वाचलं तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही.

जन्म 1912 चा, आणि वाढले ते आमच्या इंदूरमध्ये. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारातले सारंगिये. मुलालाही आधी सारंगीच शिकवली, मग त्याचा ओढा पाहून गाण्याकडे वळवलं आणि मेरुखंडाचा रियाज करून घेतला. मेरुखंड म्हणजे घेतलेले स्वर जितक्या क्रमांनी मांडता येतील तितक्या सगळ्या क्रमांनी गळ्यात बसवायचे. चार स्वरांचे 24 क्रम होतात, सातांचे 5040. वहीत लिहिलं तर हे निव्वळ गणित दिसतं. त्यांचा मारवा राग ऐकताना मात्र गणित आठवतसुद्धा नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्याभोवती ते फिरत राहतात, षड्ज, म्हणजे ‘सा’, लांबणीवर टाकत राहतात, तीच स्वरसंगती पुन्हा येतेय असं वाटतं तोवर ती दुसरीकडेच वळलेली असते. अब्दुल वहीद खाँची संथ बढत, देवासच्या रजब अली खाँची तान, अमान अली खाँची सरगम या तिघा गायकांचं ऋण त्यांच्या गाण्यात आहे असं जाणकार सांगतात, आणि कानालाही ते पटतं. पण आवाज ऐकून ‘हा अमुकासारखा’ असं कधी म्हणवत नाही.

त्यांच्या तरुणपणची एक हकिकत सांगितली जाते. 1936 मध्ये ते आताच्या छत्तीसगडमधल्या रायगढ संस्थानच्या राजा चक्रधर सिंहांच्या पदरी होते. मिर्झापूरच्या एका संगीत परिषदेत संस्थानातर्फे गायला बसले आणि पंधराएक मिनिटांत लोकांनी त्यांना उठवलं. आयोजकांनी ठुमरी गायला सुचवलं. त्यांनी नकार दिला. आपल्या मनाचा कल ठुमरीकडे नाही, म्हणाले. वय अवघं चोवीस! त्या वयात, समोर चिडलेली गर्दी असताना, मी तरी काहीही वाजवून वेळ मारून नेली असती.

गंमत अशी की पुढे लाखो लोकांनी त्यांना ऐकलं ते सिनेमात. 1952 चा ‘बैजू बावरा’, नौशाद यांचं संगीत. त्यातल्या देसी रागाच्या जुगलबंदीत द. वि. पलुस्कर बैजूसाठी गायले आणि खाँसाहेब तानसेनासाठी. मग 1955 च्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये वसंत देसाईंनी त्यांच्याकडून अडाणा राग गाऊन घेतला. पडद्यासाठी म्हणून त्यांनी गळा बदलला नाही. तीन-चार मिनिटांतही तोच भरदार, आत वळलेला आवाज आहे.

आमच्याकडे माळव्यात कुमारजी, म्हणजे देवासचे गायक कुमार गंधर्व, की खाँसाहेब, हा वाद घरोघर चालतो. देवास इथून तासाभरावर, त्यामुळे कुमारजीही आमचेच. मी या वादात पडत नाही. एकाच मातीत इतके निराळे दोन आवाज नांदले, हे आमचं भाग्य.

अकरावीतल्या एका विद्यार्थिनीला मी परवा त्यांचा मारवा लावून दिला आणि नुसता ठेका धरायला सांगितलं. ती हल्ली बँडमध्ये वाजवते, हात तयार आहे, दम मात्र नाही. दोन आवर्तनांत तिची लय वाढली. चौथ्यात परत वाढली. मग ती थांबली आणि म्हणाली, “सर, हे आपल्याला ऐकवतच नाहीयेत. स्वतःच काहीतरी शोधताहेत.” मोठमोठ्या समीक्षकांचं वाचूनही मला हे इतक्या थोडक्यात कुठे सापडलं नव्हतं. मग तिनंच पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

13 फेब्रुवारी 1974 रोजी कोलकात्यात मोटार अपघातात खाँसाहेब गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले लोक आता कमी उरलेत. माझ्या क्लासातल्या मुलांच्या मोबाईलवर ते आहेत.

फक्त एक सांगतो. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका; खर्जातले स्वर त्यातून नीट निघतच नाहीत आणि खाँसाहेबांचं निम्मं गाणं तिथेच आहे. चांगला हेडफोन घ्या. ज्या रेकॉर्डच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी राग आहे, तिथून सुरुवात करा. मारवा आधी, संध्याकाळी. दरबारी रात्रीसाठी ठेवा, आणि दोन्हीच्या मध्ये दुसरं काही लावू नका.