तुम्ही विचारलंत म्हणून: किती झाडे लावलीत?

बिघडलेली जमीन, आटलेले पाणी आणि उजाड झालेली रानेवने पुन्हा उभी करू पाहणाऱ्या स्थानिक लोकांना अनुदान देणाऱ्या एका ना-नफा संस्थेत मी काम करते, असे सांगितले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "मग आजवर किती झाडे लावलीत?" विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, कौतुकही असते, आणि नेमके म्हणूनच एखादा आकडा सांगून मोकळे होणे मला कधी जमलेले नाही. परवा तुम्हीही तेच विचारलेत आणि उत्तर अर्धवट राहिले, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

झाडे आम्ही लावत नाही. ते काम त्या जमिनीवर राहणारी माणसे करतात आणि तीच ते करू शकतात. आमच्याकडे त्यांचे प्रस्ताव येतात. ते वाचणे, जागेवर जाऊन पाहणी करणे, अनुदान मंजूर करून घेणे, हप्ता वेळेवर पोचवणे आणि आलेला हिशेब समजून घेणे हे आमचे काम. शिवाय कितीतरी ठिकाणी झाड लावणे हा उपायच नसतो. पाणथळ जागेत पाणी यायची वाट बुजली असेल, तर ती मोकळी करावी लागते. मुळातच गवताळ असलेल्या माळावर झाडे दाटीने लावली, तर गवत जाते आणि गवताच्या आधाराने जगणारे पक्षी, प्राणी आणि गुरेही जातात. केनियातल्या बारिंगो भागात वाळवंटीकरण थोपवण्यासाठी १९८०च्या दशकात वेडी बाभूळ लावण्यात आली; पुढे तिने तिथली चराऊ कुरणे गिळली आणि तिथल्या पशुपालकांना न्यायालयात दाद मागावी लागली. तिथेही झाडे मोजली असती तर आकडा मोठाच भरला असता.

खारफुटीचे उदाहरण मला याहूनही महत्त्वाचे वाटते. २००४च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यांना खारफुटीची भिंत हवी, हे सगळ्यांना पटले आणि श्रीलंकेत अनेक ठिकाणी लागवड झाली. काही वर्षांनी संशोधकांनी त्या जागांची पाहणी केली, तेव्हा लागवड झालेल्या १,००० ते १,२०० हेक्टरपैकी जेमतेम २०० ते २२० हेक्टरवर ती तगलेली आढळली, आणि पाहिलेल्या २३ जागांपैकी ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हते. फिलिपिन्समध्येही अनेक वर्षांच्या लागवडीनंतर जगण्याचे प्रमाण साधारण १० ते २० टक्केच राहिल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. कारणे जवळपास सारखीच होती: जिथे खारफुटी आपणहून कधी उगवत नाही अशा सखल चिखलात, लावायला सोपी म्हणून एकाच जातीची रोपे लावली गेली. जिथे ती पूर्वी होती, त्या जागांवर बहुतेकदा कोणाचा तरी ताबा होता, तिथे कोळंबीची तळी झाली होती, आणि त्या ताब्याचा प्रश्न सोडवण्यापेक्षा रिकाम्या चिखलात रोपे रोवणे सर्वांनाच सोयीचे होते. पैसा देणाऱ्यांनी रोपांची संख्या मागितली आणि रोपांची संख्या मिळाली.

पैसा देणारे असे मी म्हणते, तेव्हा त्यात मीही आले. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका गटाचा प्रस्ताव माझ्याकडे आला होता. एक झिजलेला उतार काही वर्षे चराई आणि तोडीपासून बंद ठेवायचा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अंदाजपत्रकात दोन राखणदारांचे वेतन, थोडे कुंपण आणि बैठकांचा खर्च होता. रोपांचा रकाना रिकामा होता. यात डोळ्यांना दिसेल असे काम कोणते, असा शेरा मारून मी तो परत पाठवला. गटाने आमचे मन राखण्यासाठी रोपे घातली आणि राखण कमी केली. त्यातच आमच्याकडची मंजुरी लांबली, पहिला हप्ता उशिरा गेला, आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी खर्च दाखवायचा म्हणून पाऊस सरल्यावर लागवड झाली. पुढच्या वर्षी मी त्या उतारावर गेले, तेव्हा प्रत्येक खड्ड्याभोवती दगडांचे नीटस कडे होते आणि मध्ये वाळलेली काडी. एका कड्यापासून हातभर अंतरावर जुन्या तोडलेल्या झाडाचा खुंट होता आणि त्याला गुडघाभर उंचीचे पाच-सहा फुटवे आले होते. तिघांचे शेंडे शेळ्यांनी खाल्लेले होते. गटातल्या एका वयस्क बाई त्या खुंटाशी बसल्या, एक फुटवा दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, "याच्यासाठी राखण मागितली होती." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागले.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशाची गोष्ट मला या प्रसंगानंतर खऱ्या अर्थाने कळली. टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे काही वर्षे वृक्षलागवड करत होते आणि बहुतेक रोपे मरत होती. १९८३मध्ये त्यांच्या लक्षात आले की शेतांतून दिसणारी खुरटी झुडपे ही खरे तर तोडलेल्या झाडांच्या जिवंत खुंटांना आलेली फूट आहे. जमिनीखाली मुळांचे अख्खे रान शाबूत आहे. शेतकऱ्यांनी त्यांतले निवडक फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे आणि गुरांपासून सांभाळायचे, एवढीच ती पद्धत. ती एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे पसरत गेली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नायजरमधल्या सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडोरा परतला. यात रोपवाटिकेचा खर्च जवळपास नव्हता. मात्र एक अट होती, आणि ती पैशाची नव्हती: राखलेले झाड आपले आहे, याची शेतकऱ्याला खात्री हवी होती. वसाहतकाळापासून चालत आलेल्या कायद्यानुसार झाडे सरकारची मानली जात, आणि जे आपले नाही ते कोण राखणार? ती पकड जसजशी सैल होत गेली, तसतशी झाडे वाढली.

त्यामुळे आता प्रस्ताव हातात आला की मी आधी अंदाजपत्रकाचे पान उघडते आणि तिसऱ्या वर्षाचा रकाना पाहते. तो रिकामा असेल, तर लावलेल्याची काळजी घ्यायला कोणी उरणार नाही, हे मला तिथेच कळते. राखण, तण काढणे, बुजलेला चर पुन्हा उकरणे, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावणे, मोजणी, आणि बैठका. बैठकांच्या खर्चावर आमच्याकडच्या हिशेबनिसांपासून देणगीदारांपर्यंत सगळ्यांचा आक्षेप असतो, आणि मी मात्र त्याच खर्चासाठी सर्वाधिक भांडते. जमीन पाच वर्षे बंद करायची म्हटले की कोणाचे तरी काही जाते. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याचे चराईचे रान जाते. सरपण आणणाऱ्या बाईला रोज दुप्पट चालावे लागते. ही माणसे पहिल्या बैठकीला बहुधा नसतात, कारण त्या वेळी ती शेळ्यांमागे किंवा सरपणाला गेलेली असतात. त्यांना सोयीच्या वेळी दुसरी, तिसरी, सातवी बैठक घ्यायची, त्यांचे म्हणणे नोंदवहीत लिहायचे, चाऱ्यासाठी एखादा पट्टा मोकळा सोडायचा, हे सारे झाल्याखेरीज घातलेले कुंपण रात्रीतून तुटते आणि ते तोडणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नसतो. सामाईक संसाधनांच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचा ते ठरवण्यात वाटा असेल, तर व्यवस्था टिकण्याची शक्यता वाढते, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवले होते.

मोबदला कशासाठी द्यायचा, याचा विचार करताना मला वांगारी मथाई यांच्या कामाची आठवण होते. १९७७मध्ये केनियात त्यांनी सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट चळवळीत बायकांना छोटा मोबदला मिळे, तो जगलेल्या रोपामागे. एवढ्या एका शब्दाने पैशाची दिशा बदलते, कारण मग पाणी घालण्याला किंमत येते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनरुज्जीवनाचे दशक जाहीर केले आहे. २०२२च्या डिसेंबरात माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता करारात, २०३०पर्यंत ऱ्हास पावलेल्या क्षेत्रांपैकी किमान ३० टक्क्यांवर परिणामकारक पुनरुज्जीवन सुरू असावे, असे उद्दिष्ट ठरले. उद्दिष्टे मोठी आहेत आणि मला ती हवीच आहेत. पण २०२१च्या हवामान परिषदेत आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी १७० कोटी डॉलरचे वचन दिले गेले, तेव्हा पहिल्या वर्षी दिलेल्या रकमेपैकी केवळ ७ टक्के त्यांच्या स्वतःच्या संस्थांपर्यंत थेट पोचली. बाकीची मधल्या संस्थांमार्फत गेली. आमची संस्थाही अशीच एक मधली संस्था आहे, म्हणून हा आकडा मी आमच्यापुरता नेहमी समोर ठेवते. मोठ्या देणगीदाराला लागणारे लेखापरीक्षण आणि जाडजूड अहवाल वीस जणांच्या गटाला पेलत नाहीत. तो भार आम्ही उचलला आणि त्यांच्याकडून चार पानांचा हिशेब घेतला, तरच आमचे मध्ये असणे योग्य ठरते. तसे न करता वरचे सगळे रकाने जसेच्या तसे खाली सरकवायचे असतील, तर आमच्या पगाराचे पैसे त्या गटालाच दिलेले बरे.

गेल्या आठवड्यात खाडीकाठच्या एका गटाचे तिसऱ्या वर्षाचे पत्र आले. त्यांनी एकही रोप लावलेले नाही. जुन्या बांधाने अडवलेली भरतीची वाट उघडली आणि पाण्याबरोबर वाहत येणारे बी कुठे रुजते, याची वाट पाहिली. दोरी लावून आखलेल्या एका चौकोनात ते दर वर्षी उगवलेली रोपे मोजतात. गेल्या वर्षी अकरा होती, यंदा सात आहेत. वाट पुन्हा गाळाने भरली, ती उकरायला माणसे मिळेपर्यंत दोन महिने गेले आणि तेवढ्यात चार रोपे कुजली, असे त्यांनी लिहिले आहे. सोबत उकरलेल्या चराची लांबी आणि कामावर आलेल्यांची नावे होती, आणि पुढच्या वर्षी गाळ काढण्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवता येईल का, अशी विचारणा. मी अंदाजपत्रकात तो रकाना वाढवला आणि हप्ता त्याच दिवशी पाठवला.