सकाळी सकाळी फडतरे

कोल्हापुरात मामाकडे आलो आणि फडतरे मिसळ न खाता परतलो, असं घरी सांगायची सोय नाही. त्यामुळे आज आंघोळ उरकून थेट उद्यमनगर. आजूबाजूला सगळे कारखाने, लेथ मशीनची दुकानं, आणि मधेच ही गर्दी! रविवार, त्यामुळे नंबर यायला वेळ लागणारच होता. मामाचं मात्र एकच पालुपद, "तरी तुला म्हटलेलं, लवकर उठ म्हणून."

पण थाळी पुढ्यात आली आणि बोलणंच बंद. मटकी, वर फरसाण, कांदा, कोथिंबीर आणि तो लालभडक कट. तर्री बाजूला सारून आधी नुसता कट प्यायचा, ही मामाची शिकवण. पहिल्या घोटाला काही वाटत नाही, तिसऱ्याला कानशिलं तापतात. सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. पुण्या-मुंबईच्या मंडळींना पटत नाही, पण तो रस्सा असा काही शोषून घेतो की पावाची आठवणही येत नाही. (ठाणेकरांनो, भांडण कमेंटमध्ये करू.)

मी नाक पुसत होतो तेवढ्यात मामाने परत कट मागवला. वय वर्षं सत्तर! डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय म्हणे. मामी, ही पोस्ट वाचू नकोस.