१८ वा फर्मा दोनदा, १९ वा गायब!

नाथमाधवांची अद्भुतरम्य कादंबरी वीरधवल भाचीकडून परत आली. पण ह्या वेळी कारण वेगळं आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

मागचे अपडेट वाचलेत त्यांना माझी भाची माहीत आहे. इंग्रजीतल्या ड्रॅगनवाल्या जाडजूड सिरीज आणि उमराव घराण्यातल्या प्रेमकथा, दोन्हींचा फडशा पाडते, पण मराठी अद्भुतरम्य म्हटलं की विसाव्या पानावर पुस्तक बंद. ऐतिहासिकचा प्रश्न राऊने (बाजीराव पेशव्यांवरची ना. सं. इनामदारांची कादंबरी) सोडवला होता, चार दिवसांत संपवलं तिने. २०१५ चा बाजीराव मस्तानी सिनेमा ज्यांना आवडला त्यांना पुढे इनामदारांचं राऊच द्या, हे मी परत परत सांगणार. २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला बाजीरावाचा मृत्यू होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं, तरी शेवट जवळ आला की आपण मुद्दाम हळू वाचायला लागतो. (त्याच्या पाठोपाठ लगेच रणजित देसाईंचं स्वामी देऊ नका. माधवराव पेशव्यांचा थेऊरचा शेवट सोसायला मध्ये महिनाभर तरी जाऊ द्या.)

तर वीरधवल. दोनदा दिलं, दोनदा परत. "मावशी, वाक्य संपतच नाही गं." १९१३ चं पुस्तक आहे, वाक्यं लांब असणारच. तिसऱ्यांदा देताना पुस्तकाबद्दल काहीच बोलले नाही, फक्त नाथमाधवांबद्दल सांगितलं. शिकारीला गेलेला तरुण माणूस सिंहगडाच्या कड्यावरून पडतो, कमरेखालून कायमचा लुळा होतो आणि त्यानंतर कादंबऱ्या लिहायला घेतो. ती काही बोलली नाही, पुस्तक बॅगेत टाकलं. आणि गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला फोन, मला वाटलं घरी काही झालं की काय, तर म्हणते "मावशी, २८८ नंतर परत २७३ आलंय!"

विसाव्या पानाच्या पुढे ती कधीच गेली नव्हती. २८८! तो आकडा ऐकून झालेला आनंद आणि दुसऱ्याच सेकंदाला पोटात आलेला गोळा, दोन्ही एकदम.

प्रत दादरला एका दुकानात जुनी घेतली होती, पानं मोजली नव्हती. बाइंडरने १८ वा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेली सोळा पानांची जुडी) दोनदा शिवलाय आणि १९ वा घातलेलाच नाही, म्हणजे २७३ ते २८८ दोनदा आणि त्यानंतर थेट ३०५. ऐन रंगातली सोळा पानं नाहीत. जुनं पुस्तक घेताना पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात तो बारीक फर्मा नंबर असतो ना, तेवढे आकडे ओळीने बघा, दोन मिनिटं लागतात. मी नेहमी बघते, नेमकं तेव्हा बघितलं नाही.

मग तीन दिवस तेच. किंग्ज सर्कलचा फुटपाथ, फोर्टातले ठेले, दोन ओळखीची वाचनालयं. नवी प्रत मागवता आली असती, पण आठवडा लागला असता आणि तिची तार तुटली असती. शेवटी गिरगावातले नाना आठवले. वय ऐंशीच्या पुढे, चाळीतल्या दीड खोलीत भिंतभर पुस्तकं. त्यांच्याकडे वीरधवल निघालं, पण वेगळ्या आवृत्तीचं, पान नंबर जुळेनात. आमचं अर्धवट तुटलेलं वाक्य त्यांच्या प्रतीत शोधायला अर्धा तास गेला, सापडलं ते पानाच्या मधोमध.

झेरॉक्स काढणारच होते (नाथमाधव १९२८ ला गेले, कॉपीराइटचा प्रश्न नाही), तेवढ्यात तिचा फोन, मिळालं का? नाना म्हणाले, स्पीकरवर टाक. आणि वाचायला लागले. ती दादरच्या प्लॅटफॉर्मवर उभी, दोन लोकल सोडल्या, तिसरीही सोडली. जी वाक्यं संपत नाहीत म्हणून तिने पुस्तक दोनदा परत केलं ती नानांच्या तोंडून अशी सरळ चालत होती की मलाही नव्याने कळली. नाना कुठे श्वास घेतात, कुठे चढतात, त्यावरून वाक्याचा सांधा लागत होता. चाळीस मिनिटं. संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "अजून थोडं वाचा ना."

झेरॉक्स नंतर काढली आणि मैद्याची खळ करून चिकटवली. सेलोटेप कृपा करून लावू नका, पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन निघते.

तर पुढची यादी बदलतेय. मोचनगड तिच्या हातात द्यायचं ठरवलं होतं, १८७१ चं, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. आता हातात नाही देणार, गिरगावात बसून रविवारी दोन-दोन प्रकरणं वाचायची.

आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय, त्याच्याही आधी ययाति का नको? खांडेकरांनी ती ययाति, देवयानी, शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितलीय. तीन आवाज, आम्ही तिघं! देवयानी भाचीला, तो राग तिला बरोबर जमेल. शर्मिष्ठा मी घेते. आणि मुलाकडे तारुण्य मागणारा ययाति नानांच्या आवाजात.

आत्ताच फोन केला त्यांना. जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलून घेतो, पुढच्या रविवारी या.