टोकेलाऊचं सरकार गावात बसतं

पॅसिफिक महासागराच्या नकाशात सामोआ शोधा. तिथून बोट सरळ उत्तरेला सुमारे पाचशे किलोमीटर सरकवा. चांगल्या नकाशात तिथे तीन ठिपके सापडतील: अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो. या तिघांचा मिळून टोकेलाऊ. जमीन सगळी धरून दहा-बारा चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास. विमानतळ नाही, जहाज लागेल असं बंदर नाही, राजधानीही नाही. देश म्हणावं तर न्यूझीलंडच्या ताब्यातला प्रदेश, आणि वसाहत म्हणावं तर तिथला रोजचा कारभार न्यूझीलंडचं कुणी चालवत नाही.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत टोकेलाऊला फार तर एक ओळ मिळते: ‘न्यूझीलंडचा आश्रित प्रदेश’. ती चूक नाही, पण तिच्यावरून तिथलं काहीच कळत नाही. तिथला कारभार समजून घ्यायचा तर आधी तिथली जमीन बघावी लागते. ही तिन्ही प्रवाळकंकणं आहेत. फार पूर्वी तिथे ज्वालामुखीची बेटं होती. ती हळूहळू खचत गेली आणि त्यांच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहिलं. आता उरलंय ते कडं, आणि मधोमध लगून, म्हणजे कड्याने वेढलेलं समुद्राचं पाणी. कड्यावर वाळू आणि प्रवाळाचा चुरा साचून अरुंद पट्ट्या तयार झाल्या आहेत. कुठे दोनशे मीटर रुंद, कुठे त्याहून कमी, आणि उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम तीन ते पाच मीटर. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. भात-गहू पिकेल अशी मातीही नाही. नारळ, नीरफणस, केवडा आणि खड्डे खणून त्यांत लावलेलं पुलाका नावाचं मोठ्या पानांचं अळू, एवढीच शेती. लक्षद्वीप पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

बेटं एकमेकांपासूनही लांब आहेत. अताफू ते नुकुनोनू नव्वदेक किलोमीटर, नुकुनोनू ते फाकाओफो साठेक. मध्ये उघडा महासागर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं असं हे अंतर नाही. म्हणून प्रत्येक बेटावर शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, वीजघर वेगळं आणि सत्ताही वेगळी.

किनाऱ्यावर उतरणं हेच एक काम असतं. प्रवाळाच्या कड्याबाहेर तळ एकदम खोल जातो, त्यामुळे नांगर टाकायला जागा मिळत नाही. सामोआच्या आपियाहून एका दिवसाहून जास्त प्रवास करून आलेलं जहाज कड्याबाहेर इंजिन चालू ठेवून तरंगत राहतं. गावातून ॲल्युमिनियमची सपाट बार्ज येते. कडं फोडून केलेल्या चिंचोळ्या वाटेतून ती बाहेर पडते आणि जहाजाच्या कुशीला लागते. तांदूळ, मैदा, सिमेंट, इंधनाची पिंपं जाळीत बांधून क्रेनने खाली सोडतात. माणसं शिडीवरून उतरतात, तीही बार्ज लाटेवर वर येईल तो क्षण साधून. तिन्ही गावं आपापल्या कड्याच्या पश्चिमेकडच्या बाजूला आहेत, कारण वर्षाचा बराच काळ वारा पूर्वेकडून येतो आणि पश्चिम बाजू आडोशाला राहते. घोटाळा होतो तो साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. तेव्हा पश्चिमेचा वारा सुटला की आडोशाची बाजूच लाटांच्या तोंडी येते, वाटेत पाणी फुटायला लागतं आणि जहाजाला माल न उतरवता थांबावं लागतं. वेळापत्रकावर लिहिलेली तारीख म्हणजे बेत, वचन नाही.

पाण्याचं गणित याहून कडक. पावसाचं पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. पट्टी जितकी अरुंद तितका हा थर पातळ. जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं, आणि विहीर एकदा खारावली की लवकर सुधारत नाही. म्हणून पिण्याचं पाणी छपरावरून पन्हळीतून टाकीत जातं. बऱ्याच घरांची काँक्रीटची टाकी घराला लागून किंवा घराखालीच असते. पन्हळ गळली, पाचोळ्याने तुंबली किंवा टाकीला तडा गेला, तर पाऊस पडूनही पाणी साठत नाही. २०११ मध्ये ला नीनाच्या काळात पाऊस बराच लांबला आणि ऑक्टोबरमध्ये टोकेलाऊला आणीबाणी जाहीर करावी लागली. शेवटी न्यूझीलंडच्या सैन्यदलाने आणि अमेरिकी तटरक्षक दलाच्या जहाजाने पिण्याचं पाणी पोचवलं. पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणं हे तिथे घरातल्या कुणाच्या तरी लहरीवर सोडून चालत नाही. ते गावाने लक्ष घालायचं काम आहे.

आणि गाव म्हणजे तौपुलेगा. हे प्रत्येक बेटाचं ग्राममंडळ. भावक्यांचे प्रमुख आणि वडीलधारे त्यात बसतात. नेमकी रचना तिन्ही बेटांवर थोडी वेगळी आहे. मासेमारीला कधी जायचं, लगूनचा कुठला भाग काही काळ बंद ठेवायचा, कुणाचं छप्पर आधी दुरुस्त करायचं, शाळेत आणि दवाखान्यात कोण काम करणार, हे सगळं तिथे ठरतं. अंगमेहनतीची कामं आउमागा, म्हणजे गावातल्या कामकरी पुरुषांचा गट, करतो. बायकांची समिती, फातुपाएपाए, घरांची आणि आवाराची स्वच्छता, विणकाम, पाहुण्यांची व्यवस्था बघते. जमीन विकता येत नाही. ती भावकीची असते आणि भावकीतच राहते. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, ही तिथली जुनी रीत. आपल्याकडे घरजावई म्हटलं की भुवया उंचावतात, तिथे घर बाईचंच असल्याने त्यात नवल काहीच नाही.

सगळ्यात बघण्यासारखी आहे ती इनातीची पद्धत. गावाने मिळून केलेल्या मासेमारीचा सगळा माल किनाऱ्यावर एका ठिकाणी आणतात. बहुतेक वेळा त्यात कुपा असतो, आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावर मिळतो त्याच जातकुळीतला. मासे आकाराप्रमाणे वेगळे करून जमिनीवर मांडले जातात. वाटप करणाऱ्यांना गावातल्या प्रत्येक घराची माणसं ठाऊक असतात. माणसांच्या हिशोबाने वाटे लावतात, मोठ्या घराला मोठा वाटा. तान्हं मूलही मोजलं जातं, आजारी म्हातारीही मोजली जाते. मग घरांची नावं पुकारतात आणि बहुधा मुलंच येऊन वाटा उचलून नेतात. होडी कुणाची होती, जाळं कुणी ओढलं, याने वाट्यात फरक पडत नाही. नारळ, कासव, कधी जहाजाने आलेल्या वस्तूसुद्धा याच पद्धतीने वाटल्या गेल्या आहेत. सरकारी पगार आणि फ्रीझर आल्यापासून स्वतःपुरती मासेमारीही वाढली, पण इनाती टिकून आहे, आणि मला ती टोकेलाऊच्या कुठल्याही कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते. दहा चौरस किलोमीटरवर कुणी उपाशी राहिलं तर ते सगळ्या गावाला दिसतं.

गावाच्या वर राष्ट्रीय कारभार येतो, तोही गावांतूनच. दर तीन वर्षांनी प्रत्येक बेट एक फाइपुले आणि एक पुलेनुकू निवडून देतं. फाइपुले बाहेरच्या जगात बेटाचा प्रतिनिधी, पुलेनुकू गावाच्या रोजच्या कामाचा प्रमुख, आपल्या सरपंचासारखा. हे सहा जण मिळून टोकेलाऊचं मंत्रिमंडळ. तिघा फाइपुल्यांपैकी एक जण उलू, म्हणजे सरकारचा प्रमुख होतो, आणि हे पद आळीपाळीने साधारण वर्षभराने पुढच्या बेटाकडे जातं. जनरल फोनो ही विधानसभा तिन्ही बेटांच्या प्रतिनिधींची. तिला कायदे करण्याचा अधिकार न्यूझीलंडच्या संसदेने १९९६ मध्ये दिला. सत्ता अशी तिन्ही बेटांत वाटलेली आणि फिरती असल्यानेच राजधानी नाही. कार्यालयांचा काही भाग तर आपियात, परक्या देशात आहे, कारण तिथे विमानतळ आणि बंदर आहे. किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा गावातच होतो: समज, दंड किंवा गावासाठी काम. तुरुंग नाही. गंभीर प्रकरणं न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाकडे जातात.

इतिहास थोडक्यात. १८६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी अडीचशेच्या आसपास माणसं पळवून नेली, म्हणजे त्या वेळची जवळजवळ निम्मी वस्ती. त्यांतली फारच थोडी परतली. १८८९ मध्ये ब्रिटिशांनी संरक्षण जाहीर केलं, १९१६ मध्ये ही बेटं गिल्बर्ट आणि एलिस वसाहतीला जोडली, १९२६ मध्ये कारभार न्यूझीलंडकडे आला आणि १ जानेवारी १९४९ पासून टोकेलाऊ न्यूझीलंडचाच भाग झाला. इथले लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत. धर्मही बेटाप्रमाणे वाटला गेला: अताफू प्रोटेस्टंट, नुकुनोनू कॅथलिक, फाकाओफोवर दोन्ही.

आता सार्वमताची गोष्ट. तिथल्या राजकारणातली हीच सगळ्यात मोठी घडामोड, आणि बाहेर तिचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या ‘स्वशासन नसलेल्या प्रदेशां’च्या यादीत टोकेलाऊचं नाव आहे. ते काढायचं तर लोकांनी स्वातंत्र्य, विलीनीकरण किंवा न्यूझीलंडशी मुक्त सहचर्य (कारभार स्वतःचा, पण न्यूझीलंडशी नातं कायम) यांपैकी एक निवडायला हवं. मुक्त सहचर्याचा प्रस्ताव फेब्रुवारी २००६ मध्ये मतदानाला आला. ५८१ वैध मतांपैकी ३४९ बाजूने पडली, म्हणजे साठ टक्के. आपल्याकडे गोव्याच्या १९६७ च्या कौलात साधं बहुमत पुरलं होतं. इथे मात्र अट दोन तृतीयांशांची होती. ऑक्टोबर २००७ मध्ये पुन्हा मतदान झालं: ६९२ पैकी ४४६ बाजूने. लागत होती ४६२. सोळा मतं कमी पडली.

याला वसाहतीवरचं प्रेम म्हणणं सोपं आहे, पण पटत नाही. दहातल्या सहाहून जास्त लोकांनी दोन्ही वेळा होकार दिला होता. विरोध करणाऱ्यांच्या शंका रोखठोक होत्या: नागरिकत्व राहील का, जहाजाचा खर्च कोण उचलणार, चक्रीवादळ आलं तर मदत आपली हक्काची राहील का? २००५ मध्ये पर्सी वादळ येऊन गेलेलं लोक विसरले नव्हते. शिवाय न्यूझीलंडमध्ये राहणारे टोकेलाऊवासी बेटांवरच्या वस्तीच्या कितीतरी पट आहेत, २०१८ च्या तिथल्या जनगणनेत साडेआठ हजारांहून जास्त. त्यांना या मतदानात मत नव्हतं, पण घरी फोन होतेच. आणि माझ्या मते खरं कारण हे की स्वशासन गावात आधीपासून होतं. तौपुलेगा आपलं काम करत असताना न्यू यॉर्कमधल्या यादीतून नाव गेल्याने उद्या सकाळी काय बदलणार, याचं उत्तर अनेकांना मिळालं नाही. दोन तृतीयांशाची अट मला योग्यच वाटते. दीड हजारांच्या वस्तीत निम्म्या लोकांना ओढून नेलेला निर्णय रोज समोरासमोर भेटत राहतो.

पैशाचं म्हणाल तर मोठा आधार दोन गोष्टींचा: न्यूझीलंडची मदत आणि ट्यूना पकडणाऱ्या परदेशी जहाजांचे परवाने. जमीन नगण्य असली तरी हक्काचं सागरी क्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. वीज २०१२ पर्यंत पूर्ण डिझेलवर होती आणि ते डिझेल पिंपांतून त्याच बार्जने उतरायचं. त्या वर्षी तिन्ही बेटांवर मिळून ४,०३२ सौर पॅनेल आणि १,३४४ बॅटऱ्या बसल्या. दिवसा चार्ज, रात्री वापर. सलग ढगाळ दिवस आले किंवा मागणी वाढली की जनरेटर लावावाच लागतो, आणि खारी हवा धातूचे सांधे खात राहते, म्हणून देखभालीचे सुटे भाग आधीच मागवून ठेवावे लागतात. समुद्राखालची इंटरनेट केबल आल्यावर संपर्क मात्र फार सुधारला.

मुंबईहून कुणाला खरंच जायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी आपियातल्या टोकेलाऊच्या कार्यालयाला लिहून भेटीचा हेतू कळवा. ज्या बेटावर उतरायचं त्या बेटाच्या तौपुलेगाची संमती लागते. एका बेटाची परवानगी दुसरीकडे चालत नाही. राहण्याची सोय आधी ठरलेली हवी. मग जहाजाची जागा, आणि तिथे बेटावरच्या लोकांना आणि रुग्णांना प्राधान्य असतं, तेव्हा आपलं नाव मागे सरकू शकतं. विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी, तेही तारीख बदलता येईल असंच काढा. ऑकलंडमार्गे जात असाल तर भारतीय पासपोर्टला न्यूझीलंडचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते तिकिटाआधी तपासा. न्यूझीलंडचे डॉलर रोख न्या आणि रोजची औषधं मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची घ्या. गंभीर आजारात तिथून आपियाला जहाजानेच न्यावं लागतं.

फोन करायचा असेल तर टोकेलाऊ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे आहे. २०११ च्या अखेरीस सामोआबरोबर तेही आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या या बाजूला आलं आणि त्यांच्या दिनदर्शिकेत ३० डिसेंबर आलाच नाही. जुन्या नकाशावरून वेळ काढाल तर पूर्ण एक दिवस मागे राहाल. कार्यालयाला गाठायचं तर मुंबईत पहाटे चार-पाचला फोन लावा. तिथे तेव्हा त्याच दिवसाचे दुपारचे साडेअकरा-साडेबारा झालेले असतात.