चौदा पिक्सेल

नोव्हेंबरात उजनीच्या पाण्यावर, होडीत उभं राहून मी एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सांगितलं, "काका, हीच जागा." ती जागा ती नव्हती. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

आमचं ऑफिस सोलापुरात, सात रस्त्याजवळ. पाइपलाइन, सोलर, लेआउट यांची मोजणी आणि नकाशे. माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी पाठवलेल्या अक्षांश-रेखांशांच्या याद्या दुरुस्त करण्यात जातं. मॅपवर बोट दाबून धरलं की आकडा मिळतो, एवढंच लोकांना माहीत असतं. एका खात्याच्या यादीत 17 अंश 36 मिनिटं 20 सेकंद हे 17.3620 असं टाइप केलं होतं. खरा दशांश 17.6056. पाण्याची टाकी 27 किलोमीटर दक्षिणेला सरकली, आणि यादीवर तीन सह्या होत्या. होटगी रोडच्या एका लेआउटचे सगळे बिंदू उलट क्रमाने आले, आधी रेखांश, मग अक्षांश. काही फायलींना तोच क्रम लागतो, पण ही तसली फाईल नव्हती. सोलापूरचे 17.66 आणि 75.9 उलटे केले तर बिंदू नॉर्वेच्याही वर, स्वालबार्डच्या दक्षिणेला समुद्रात पडतो. दशांशाचं तर विचारूच नका. चौथं स्थळ म्हणजे अकरा मीटर, सहावं म्हणजे अकरा सेंटिमीटर. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटर इकडेतिकडे असतो, तरी लोक सहा-सात स्थळं लिहून पाठवतात आणि त्यावर भांडतात. मला याची चीड येते. आकडा लांब असला की तो खरा वाटतो.

काका सप्टेंबरात आले. टॉवेलच्या कारखान्यात मागावर आयुष्य गेलेलं, मूळ गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याखाली. आई आषाढात गेली. बहुतेक अस्थी पंढरपूरला सोडल्या, थोड्या मडक्यात राखून ठेवल्या. "आई म्हणायची, चंद्रभागा काय, भीमा काय, पाणी एकच हाय. पण मला माझ्या दारात सोडा." नातवाने मोबाईलवर गावाचं नाव टाकून बघितलं, पिन लगेच पडली, पण पडली ती पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात.

हेच खरं दुखणं आहे. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, गावं वर माळावर उठून गेली आणि नावं सोबत घेऊन गेली. गूगल, ओपनस्ट्रीटमॅप, इस्रोचं भुवन, कुठेही नाव शोधलं तर नवं गावठाण मिळतं. तीन ठिकाणी एकच उत्तर आलं म्हणून ते तीनदा तपासलं गेलं असं होत नाही. सगळ्यांनी आजचंच गाव बघितलेलं असतं.

पैसे घ्यायचे नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं, म्हणून काम रात्री घरी. अमेरिकी सैन्याच्या नकाशाखात्याने काढलेली भारताच्या नकाशांची यू-502 ही मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहे, कोणालाही फुकट उतरवता येते. एकाला अडीच लाख हे प्रमाण. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अडीचशे मीटर. पण धरणाआधीचे नकाशे! भीमा तिथे बारीक निळी रेघ आहे आणि काठाने गावांची नावं आहेत, काकांचं गावही. ते नाव सापडलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचलं.

त्यावरून गाव मिळालं, दार नाही. दारासाठी ऑफिसातल्या नकाशांच्या जुन्या, एक इंच एक मैल प्रमाणाच्या शीटा काढल्या. 75 अंश रेखांश बॅकवॉटरमधूनच जातं, त्यामुळे 47 जे आणि 47 एन या दोन शीटांचा सांधा तिथेच येतो. दोन्ही स्कॅन केल्या, कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून कागद जमिनीवर बसवला. शीटवर देवळाची खूण होती. काकांनी वहीत आराखडा काढला होता: मारुतीच्या देवळाच्या पूर्वेला चाळीस पावलं, मग बोळ, मग दार. बिंदू काढला, यू-502 वर ताडून पाहिला. नकाशाच्या बारकाईत जितकं जुळावं तितकं जुळलं. दोन साक्षीदार एकच बोलतात म्हणून मी निर्धास्त झाले.

दिवाळीनंतर गेलो. धरण काठोकाठ. काका, त्यांचा नातू, मी आणि होडीवाले दादा. मोबाईल हातात धरून मी दिशा सांगत होते. बिंदू जवळ आला तसे दादा वल्हं थांबवून म्हणाले, "ताई, गाव हितं न्हाई. आमचं जाळं तिकडं अडकतंय, त्या माळाच्या अंगाला. भिताडं तिकडं हायत." त्यांनी वायव्येला हात केला. मी म्हणाले, "दादा, मी नकाशावरून काढलंय." ते गप्प झाले. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी मडकं पाण्यात सोडलं आणि बराच वेळ पाण्यावर हात ठेवून बसले.

परत येताना दादांचा तो हात डोळ्यांसमोरून हलेना. त्या रात्री मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. सेंटिनेल-2 या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, एक पिक्सेल दहा मीटरचा. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे गेलं होतं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली, त्या मे महिन्याचं चित्र उघडलं. गाळातून जुन्या रस्त्याची फिकट रेघ स्पष्ट दिसत होती. त्यावर माझी शीट टाकली. रस्ता रस्त्यावर बसेना. पिक्सेल मोजले, तिरक्या अंगाने चौदा. पाण्याबाहेरची एक टेकडी घेतली, तिथेही चौदाच, त्याच दिशेला. चूक हाताची असती तर इथे कमी तिथे जास्त, अशी विस्कटलेली असती. सगळीकडे सारखी सरकते ती डेटमची, म्हणजे आकडे ज्या पायावर मोजले त्या पायाची.

हे नीट सांगते. अक्षांश-रेखांश म्हणजे पृथ्वीवर आधीपासून आखलेल्या रेघा नव्हेत. पृथ्वीचा आकार कोणता आणि मध्य कुठे मानायचा हे आधी ठरवावं लागतं, मग आकडे येतात. आपल्या जुन्या शीटा 1830 च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या तेव्हा मानलेल्या आकारावर मोजलेल्या, भारताच्या जमिनीला जुळवून घेतलेल्या. मोबाईल डब्ल्यूजीएस-84 वर चालतो, त्याचा मध्य पृथ्वीच्या केंद्राशी. तोच आकडा दोन पद्धतींत दोन जागा दाखवतो आणि आपल्या भागात त्यांत शे-दीडशे मीटरचं अंतर पडतं. क्यूजीआयएसने विचारलं होतं, आकडे कोणत्या पद्धतीतले. मी सवयीने डब्ल्यूजीएस-84 निवडलं. ही चूक मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात दाखवते. आणि यू-502 जुळला कारण तोही त्याच जुन्या मोजणीवरून काढलेला. माझे दोन साक्षीदार एकाच घरातले होते. बाहेरचा साक्षीदार एकच होता, ज्याचं जाळं वीस वर्षं त्या भिंतींना अडकत होतं, आणि त्याला मी गप्प केलं.

दादांना फोन केला, माफी मागितली, आणि जाळं अडकतं तिथून लोकेशन पाठवाल का असं विचारलं. चार दिवसांनी पाठवलं. दुरुस्त केलेल्या माझ्या बिंदूपासून बावीस मीटरवर.

काकांना सांगायला पंधरा दिवस लावले. ऑफिसातल्या सहकाऱ्याचं म्हणणं, सांगूच नको, पाण्यात एवढ्या-तेवढ्याने काय होतं. ते मला पटलं नाही. काकांनी माझ्याकडे बिंदूच मागितला होता. शेळगीला त्यांच्या घरी गेले, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या अंगाला सोडलं मग आपण?"

"आग्नेयेला. दीडशे मीटर."

बराच वेळ आठवत बसले. मग म्हणाले, "तिकडं आमचं काही नव्हतं." सून चहा घेऊन आली, आम्ही प्यायलो, त्यावर कोणी काही बोललं नाही.

निघताना त्यांनी वही पुढे केली. मी नवा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला, पाच स्थळांपर्यंत, आणि जुना खोडायला गेले तर त्यांनी हात धरला. "असू द्या तो. आई तिथं हाय की." मग विचारलं, पाणी उतरल्यावर दारापर्यंत पायी जाता येईल का. धरण उणे गेलं तर येईल, म्हणाले मी. आता सकाळी पेपरात आधी उजनीची टक्केवारी बघते. अजून अधिकमध्ये आहे.